फिजिक्सच्या विद्यार्थ्याने गणिताचे कोणते पेपर घ्यावेत?

हिंगोली जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी. बीएस्सी तिसरं वर्ष, मेजर फिजिक्स, मायनर गणित. सेमिस्टरला गणिताचे दोनच पेपर घेता येणार होते आणि यादीत होते पाच: लिनिअर अल्जेब्रा, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आणि टोपॉलॉजी. औंढा नागनाथला होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेत पुढे काम करायचं, हे तिच्या मनात पक्कं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गुरुत्वीय लहरी म्हणजे आइनस्टाइन, वक्र अवकाश. तेव्हा टोपॉलॉजीच घे. मोठा भाऊ म्हणत होता, ज्यात मार्क पडतात ते घे. “मॅडम, चुकीचा पेपर घेतला तर पुढची वाट बंद होईल का?” एवढं विचारून ती गप्प बसली.

वाट बंद होत नाही. एमएस्सी फिजिक्सला मॅथेमॅटिकल मेथड्सचा पेपर असतोच आणि यातलं बरंच तिथे पुन्हा येतं. नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. ज्या विषयाचा पाया झालेला नाही, तो वर्गात नुसता उतरवून घेतला जातो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि दिवाळीनंतर त्यातलं काही आठवत नाही.

म्हणून पेपरांवर बोलण्याआधी तिला एक गणित दिलं. गाईड न बघता, अर्ध्या तासात. दोन सारखी वस्तुमानं, तीन सारख्या स्प्रिंगा, दोन्ही टोकं भिंतीला बांधलेली. आंदोलनाच्या वारंवारिता काढ. समीकरणं तिने बरोबर मांडली. मॅट्रिक्सही आली: पहिल्या ओळीत २ आणि −१, दुसऱ्या ओळीत −१ आणि २. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे इथे वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणातले आकडे, १ आणि ३, हेही निघालं. पण त्यांचा अर्थ विचारला तेव्हा ती अडली. १ म्हणजे दोन्ही वस्तुमानं एकाच दिशेने हलतात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. ३ म्हणजे ती एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि वारंवारिता पहिलीच्या वर्गमूळ ३ पट, म्हणजे सुमारे १.७३ पट होते. हे दिसत नसेल तर क्वांटम मेकॅनिक्समध्ये ऑपरेटर आणि स्टेट हे शब्द नुसते शब्दच राहतात. त्यामुळे पहिला पेपर लिनिअर अल्जेब्रा, यावर चर्चेची गरजच उरली नाही. तिला तो सोपा आणि कमी प्रतिष्ठेचा वाटत होता. हा समज बऱ्याच मुलांचा असतो, आणि तो महागात पडतो.

टोपॉलॉजीचं तिला सरळ सांगितलं: आत्ता नको. विषय सुंदर आहे, पण बीएस्सीच्या पेपरात ओपन सेट, कॉम्पॅक्टनेस, कनेक्टेडनेस असतं. वक्र अवकाशाची भूमिती त्यानंतर बरीच पुढे येते. सापेक्षतेसाठी आधी टेन्सर (मॅट्रिक्सच्या पुढच्या पायरीच्या राशी) लागतात, आणि टेन्सर समजायला पुन्हा लिनिअर अल्जेब्राच. शिवाय लायगोच्या कामाचा मोठा भाग वेगळ्याच गणितावर चालतो. २०१५ साली अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर पकडली तेव्हा ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान होता. तो गोंगाटातून वेगळा काढायला फूरिये ट्रान्सफॉर्म (सिग्नल वेगवेगळ्या वारंवारितांमध्ये फोडण्याची पद्धत) आणि संभाव्यताशास्त्र लागतं. तिच्या स्वप्नाला जे गणित लागतं, त्यातलं काहीच टोपॉलॉजीच्या पेपरात नव्हतं.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्राबाबत पेपराचं नाव फसवतं. “ग्रुप थिअरी फिजिक्सला लागते” हे खरं आहे. पण फिजिक्सला लागतात ग्रुपची रिप्रेझेंटेशन्स, म्हणजे ग्रुप मॅट्रिक्सच्या रूपात मांडणं: फिरवण्याचा ग्रुप, एसयू(२), स्पिन. गणित विभागाच्या पेपरात सहसा नॉर्मल सबग्रुप, सायलोची प्रमेयं, रिंग, आयडियल असतात. सिद्धता लिहिण्याची आवड असेल तर जरूर घ्यावा. स्पिन समजेल या आशेने घेतला तर निराशा होते.

राहिले दोन, आणि खरी निवड इथेच होती. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या फिजिकल सायन्सेसच्या अभ्यासक्रमात कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमधले पोल, रेसिड्यू, लॉरां सिरीज आहेत. पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्समधली लाप्लास, तरंग आणि उष्णतेची समीकरणंही आहेत. जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या फिजिक्सला मात्र कॉम्प्लेक्स संख्यांचं साधं बीजगणित पुरतं, कॉन्टूर इंटिग्रेशन (कॉम्प्लेक्स प्रतलातल्या बंद वाटेवरून केलेलं इंटिग्रेशन) लागत नाही. ती पुढच्या वर्षी जॅम देणार होती, म्हणजे कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसची घाई नव्हती. शिवाय त्यात मुलं कुठे घसरतात तेही तिला दाखवलं. कॉस क्ष भागिले (१ + क्ष²) याचं उणे अनंतापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन घ्या. बहुतेक जण कॉस तसाच ठेवून वरच्या अर्धवर्तुळाने कॉन्टूर बंद करतात. वर जाताना कॉस प्रचंड वाढतो, अर्धवर्तुळावरचा भाग शून्य होत नाही आणि उत्तर चुकतं. कॉसऐवजी ई चा आय-क्ष घात घ्यायचा, आय या बिंदूवरचा रेसिड्यू काढायचा आणि शेवटी वास्तव भाग ठेवायचा. उत्तर पाय भागिले ई, सुमारे १.१६. अशी पंचवीस-तीस गणितं हाताने केल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही, आणि त्यासाठी तपासून देणारं माणूस लागतं.

तेव्हा तिला कॉलेजात चार गोष्टी बघून यायला सांगितलं. दोन्ही पेपरांचा युनिटवार अभ्यासक्रम. पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स आणि फूरिये सिरीज आहे की नुसती पहिल्या ऑर्डरची समीकरणं. शिकवणारे प्राध्यापक ठरलेत का. तासिका तत्त्वावरची नेमणूक लांबली तर अर्धं सेमिस्टर जातं, हे आपल्याकडे नवं नाही. आणि तास प्रॅक्टिकलच्या बॅचवर आदळतो का.

ती आठवड्याने आली. फूरिये सिरीज होती, प्राध्यापक कायमस्वरूपी होते, बॅच मात्र गुरुवारी आदळत होती. विभागप्रमुखांना अर्ज देऊन ती बदलून मिळाली. तिने लिनिअर अल्जेब्रा आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स घेतले. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस पुढच्या सेमिस्टरला मिळाला तर तिथे, नाही तर जॅम झाल्यावर स्वयम पोर्टलवरच्या मोफत अभ्यासक्रमातून. भावाला मार्कांची काळजी होतीच. त्याच्यासाठी तिने लिनिअर अल्जेब्राच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून घरी नेल्या.