क्रिएटिव्ह बिझनेस, घर, देवधर्म आणि स्वतःची आवड, हे सगळं एकत्र कसं सांभाळता?

तुम्ही लिहिलंय की हाताने रंगवलेल्या साड्यांचा घरगुती बिझनेस आहे, मुलं लहान, सासरी उपवास-नेम बरेच आणि या सगळ्यात गाण्याचा क्लास सुटला तो सुटलाच. मी पेणची, आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी रंगकामात आहे, म्हणून सांगावंसं वाटलं.

रोजच्या रोज सगळ्याला सारखा वेळ द्यायचा नाद आधी सोडा. हिशोब वर्षाचा मांडायचा आणि तोही पंचांग समोर ठेवून. आता बघा, 2025 ला आषाढी 6 जुलैला आणि गणपती 27 ऑगस्टला, म्हणजे पालख्या पंढरपूरला पोचतात तेव्हा आमच्याकडे रंगकामाची धांदल, वरून पाऊस, दमट हवेत शाडूची मूर्ती वाळता वाळत नाही, आणि ओलसर मूर्तीवर रंग चढवला की तो नंतर सुटतो. सासरे माळकरी आहेत पण अशा वेळी कारखाना टाकून जाणार कसे? म्हणून आमच्या घरची वारी कार्तिकीची. दिवाळी झालेली असते, हात मोकळे असतात, पोराबाळांसकट सगळं घर जातं. आषाढी ती आषाढीच असं म्हणणारे भेटतात, मला नाही पटत. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत असं मानतात आणि पांडुरंगाची पालखी त्यांना भेटायला अरणला येते, मग आम्ही कुठे कमी पडलो?

पण त्याच परंपरेत गोरोबाकाकांची गोष्टही आहे. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं. लोक ती भक्तीची गोष्ट म्हणून सांगतात आणि ती आहेच, पण मातीत काम करणाऱ्या घरातली बाई ती ऐकते तेव्हा तिला आधी ते मूल दिसतं हो. म्हणून कितीही ऑर्डरी असू देत, रात्रीचं जेवण आम्ही घरात एकत्र जेवतो, कारखान्यात डबा नेऊन नाही, आणि त्या वेळी गिऱ्हाइकाचा फोन कोणी उचलत नाही. आणि लोक पाट आणून देतात ना मूर्तीसाठी, त्यात आमच्या घरचा पाट सगळ्यात आधी लागतो. घरच्या गणपतीला शेवटी उरलेली मूर्ती, हे आमच्याकडे चालत नाही.

देवधर्माचं म्हणाल तर सीझनमध्ये मी वेगळी पोथी वाचत नाही. डोळ्यांची आखणी पहाटे करते. बारीक ब्रश, फोन बाहेरच्या खोलीत, कोणी हाक मारायची नाही. बुबुळ केसभर जरी सरकलं तरी नजर तिरकी होते, आणि बसलं नीट की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते, तेव्हा जे वाटतं ते मला पूजेत वाटतं तेच आहे. तुमच्या नेमांपैकी मनापासून केलेले कुठले आणि कोण काय म्हणेल म्हणून केलेले कुठले, हे सासूबाईंशी एकदा मोकळेपणाने बोला.

सगळ्यात अवघड स्वतःची आवड. हातातली कलाच विकायची असली की ती आपली राहत नाही, हे मला फार जाणवतं, कारण तोच चेहरा, तेच रंग, गिऱ्हाइकाला हवं तसं. म्हणून मी शाडूचे चेहरे करते, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे, माघात वेळ मिळतो तेव्हा. कोणी भाव विचारला तरी देत नाही. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती 14 सप्टेंबरला गेले, असे जादाचे दिवस मिळाले की सगळ्यांना वाटतं अजून ऑर्डरी घेऊया, मी मात्र त्यातले थोडे माझ्यासाठी धरूनच ठेवते. आधी धरले नाहीत तर काम ते खातंच.

तुमचं गाणं विकायचं नाहीये, म्हणजे ते वाचवणं सोपं आहे. साड्यांचा सीझन लग्नसराई आणि दिवाळी. पितृपक्षात नवीन साडी सहसा कोणी घेत नाही पण तेव्हा तुम्ही दिवाळीचा स्टॉक रंगवत असणार, त्यामुळे ते दिवस धरू नका. आषाढ धरा. लग्नं थांबलेली असतात, श्रावणातले नेम सुरू व्हायचे असतात. तेवढ्या महिन्याचं बुकिंग बंद असं गिऱ्हाइकांना आत्ताच कळवा आणि गाण्याच्या बाईंना फोन करून विचारा त्यांच्याकडे दुपारची बॅच आहे का, मुलं शाळेत असताना.