फेरीगणिक स्थिर, तरी लांबी वाढवली की स्फोट का?

तुमचा प्रश्न रिपीटिटिव्ह प्रोसेसबद्दल आहे, म्हणजे एकच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारी अशी प्रक्रिया, जिच्यात प्रत्येक फेरीचं आउटपुट (तिचं प्रोफाइल) पुढच्या फेरीवर परिणाम करतं. थोडक्यात तो असा: डी-नॉट मॅट्रिक्सचा (मागच्या फेरीचं आउटपुट त्याच बिंदूवर थेट चालू आउटपुटमध्ये आणणारा मॅट्रिक्स) स्पेक्ट्रल रेडियस (आयगेनव्हॅल्यूंपैकी सगळ्यात मोठीचं माप) १ पेक्षा कमी आहे, २० बिंदूंच्या फेरीत आउटपुट नीट स्थिरावतं, पण फेरी ६० बिंदूंची केली की आकडे आवाक्याबाहेर जातात. कोडमध्ये घोळ असेल का?

कोड बरोबर आहे. तुम्ही तपासलीत ती असिम्टोटिक स्टेबिलिटी. लांबी ठरलेली असेल तर फेऱ्यांमागून फेऱ्या प्रोफाइल एका मर्यादेकडे जाईल, एवढीच तिची हमी. ती मर्यादा कशी असेल याबद्दल ती काहीच सांगत नाही.

सोपं उदाहरण घ्या. पुढच्या बिंदूवरची किंमत म्हणजे याच फेरीतल्या आताच्या किमतीच्या ०.५ पट, अधिक मागच्या फेरीत याच बिंदूवर होती तिच्या ०.८ पट, अधिक इनपुट. मागच्या फेरीचा परिणाम एक बिंदू पुढे होतो, त्याच बिंदूवर थेट नाही, म्हणून इथे डी-नॉट चक्क शून्य, म्हणजे तुमची चाचणी आरामात पास. पण प्रोफाइल स्थिरावल्यावर मागची आणि चालू फेरी एकच होते, गुणक ०.५ + ०.८ = १.३. दर फेरी १ पासून सुरू केली आणि इनपुट शून्य ठेवला, तर २० व्या बिंदूवर १९० आणि ६० व्या बिंदूवर सुमारे ६८.६ लाख!

हा त्रास कागदावरचा नाही. लाँगवॉल कोळसा खाणीत कटर आधी कापलेल्या तळावरच टेकून पुढची फेरी मारतो, त्यामुळे तळाचे चढउतार फेरीगणिक वाढत जाऊन काम थांबवून तळ सारखा करावा लागू शकतो. जे. बी. एडवर्ड्स यांनी १९७४ मध्ये अशा प्रक्रियांच्या स्थिरतेचा प्रश्न मांडला. पुढे एरिक रॉजर्स आणि डेव्हिड ओवेन्स यांनी त्याचा सिद्धांत उभा केला.

तुम्हाला हवी ती ‘स्टेबिलिटी अलाँग द पास’, म्हणजे फेरीची लांबी कितीही असली तरी टिकणारी स्थिरता. डी-नॉट आणि ए (चालू फेरीत एका बिंदूवरून पुढच्या बिंदूकडे नेणारा मॅट्रिक्स, आपल्या उदाहरणात ०.५) या दोन्हींचे स्पेक्ट्रल रेडियस १ पेक्षा कमी हवेतच. शिवाय मागच्या फेरीकडून चालू फेरीकडे जाणाऱ्या ट्रान्सफर फंक्शनचा गेन (त्या फ्रिक्वेन्सीची लाट एका फेरीत किती पट होते तो आकडा; आउटपुट अनेक असतील तर स्पेक्ट्रल रेडियस) प्रत्येक फ्रिक्वेन्सीला १ च्या खाली हवा. आपल्या उदाहरणात शून्य फ्रिक्वेन्सीला तो ०.८ ÷ (१ – ०.५) = १.६. संथ लाट दर फेरीत वाढणार ती इथूनच. आउटपुट एकच असेल तर थेट फ्रिक्वेन्सी प्लॉट काढा. एलएमआयची (लिनिअर मॅट्रिक्स इनइक्वॅलिटी, संगणकावर सोडवायची मॅट्रिक्स असमानता) नेहमीची अट फक्त पुरेशी असते, उत्तर मिळालं नाही म्हणून सिस्टीम अस्थिर ठरत नाही.

उपाय: इनपुटमध्ये मागच्या फेरीच्या प्रोफाइलची –०.५ पट मिसळा. ०.८ चे ०.३ होतात, गेन जास्तीत जास्त ०.६, मर्यादेतला गुणक ०.८. मागची फेरी पूर्ण हातात असल्याने तिच्यातले पुढचे बिंदूही वापरता येतात. साध्या फीडबॅकला ही सोय नाही, आणि मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल (मागच्या फेरीतल्या चुकीवरून पुढच्या फेरीचा इनपुट सुधारण्याची पद्धत) तिचाच फायदा घेतं.

आणखी एक बघा: तुमच्या कोडमध्ये प्रत्येक फेरीची सुरुवातीची स्थिती मागच्या प्रोफाइलवरून ठरते का? तसं असेल तर वरच्या अटी जशाच्या तशा लागू होत नाहीत. नुसत्या त्या जोडणीमुळेही सिस्टीम अस्थिर होऊ शकते. ती ओळ इथे टाका, मग पुढचं बघू.