रीटचा 'लाभांश' की 'वितरण'?

नाशिकच्या इंदिरानगरातले एक निवृत्त वाचक मित्रमंडळींसाठी गुंतवणुकीवर मराठीत टिपण लिहीत आहेत. त्यातलं एक वाक्य त्यांनी पाठवलंय: 'मंदी ओसरली की रीटचा लाभांश पूर्ववत होईल.' यातले 'लाभांश' आणि 'पूर्ववत' हे शब्द बरोबर आहेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. रीट म्हणजे अनेकांचे पैसे गोळा करून कार्यालयं, मॉल अशा भाड्याच्या इमारतींत गुंतवणारी संस्था. तिच्यातल्या हिश्शाला युनिट म्हणतात.

लाभांश म्हणजे लाभाचा अंश. आपल्याकडे हा शब्द रुजला तो पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभांतून. तिथे तो शेअरच्या दर्शनी किमतीवर टक्क्यांत जाहीर होतो आणि वर्षाचा नफा झाला तरच मिळतो. रीटचं गणित वेगळं आहे. इमारत बहुधा एका उपकंपनीच्या नावावर असते. रीट तिला कर्ज देते, तिच्याकडून व्याज घेते आणि मुद्दलही परत घेते. युनिटधारकाच्या खात्यात येणाऱ्या रकमेत व्याज, लाभांश, कर्जफेड असे तुकडे असतात, आणि करही प्रत्येकावर निराळा. परत आलेल्या मुद्दलाला लाभ कसं म्हणणार? म्हणून एकूण रकमेला 'वितरण' म्हणावं आणि 'लाभांश' त्यातल्या त्या एका तुकड्यापुरता राखावा. 'वाटप' मला नको वाटतं, त्याने मोफत चष्मे आठवतात. 'वाटणी' म्हटलं की भाऊबंदकी आलीच.

सेबीच्या २०१४च्या नियमांप्रमाणे वितरणयोग्य निव्वळ रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते, तीही सहा महिन्यांतून एकदा तरी. हा ९० टक्क्यांचा आकडा पुष्कळांना हमीसारखा वाटतो. पण तो हाती उरलेल्या रोखीचा हिस्सा आहे. रोखच आटली तर हिस्साही आटणार. शेतीच्या भाषेत सांगायचं तर इमारतीतला भाडेकरू खंडाने बसलेला असतो, युनिटधारक मात्र बटाईवर.

अमेरिकेत तर २००८च्या पडझडीनंतर तिथल्या करखात्याने रीटना लाभांशाचा मोठा भाग रोखीऐवजी स्वतःच्या शेअरमध्ये द्यायला तात्पुरती मुभा दिली. सायमन प्रॉपर्टी ग्रुप या मॉलवाल्या रीटने २००९च्या सुरुवातीला तसंच केलं, १० टक्के रोख आणि बाकी शेअर. नाव लाभांशच, हातात मात्र कागद.

आता 'पूर्ववत'. द्वारका चौकातली वाहतूक पूर्ववत होते, कारण अडथळा निघाला की गाड्या त्याच रस्त्याने धावू लागतात. वितरणाचं तसं नसतं. मंदीत जुने करार चालू असतात म्हणून भाडं येत राहतं. फटका बसतो करार संपल्यावर, जागा रिकामी राहते किंवा कमी दराने जाते. नवा भाडेकरू आला तरी सुरुवातीचे काही महिने त्याला बहुतेकदा भाडेमाफी असते. मधल्या काळात कर्जाचा व्याजदर चढला असेल तर भाडं जुन्या आकड्यावर आलं तरी वितरण जुन्या आकड्यावर येत नाही. मॉलमध्ये भाड्याचा काही भाग दुकानाच्या विक्रीशी बांधलेला असतो, त्यामुळे तिथे घसरण आणि उभारी दोन्ही लवकर दिसतात.

इथे मी 'सावरेल' लिहीन. 'पूर्ववत'मध्ये जुनी पातळी गृहीत आहे, सावरण्यात तसं वचन नाही. वाक्य असं करता येईल: 'मंदी ओसरल्यावर रिकाम्या जागा भरतील तसं रीटचं वितरण सावरेल, ते आधीच्या आकड्याला पोहोचेल की नाही, हे नव्या करारांतलं भाडं आणि कर्जावरचं व्याज ठरवेल.' वाक्य लांबलं, पण टिपण पैशांचं आहे, तेव्हा चालेल.