स्थानिक वृत्तवाहिनीवर बातमीपत्राच्या निर्मात्याची सुरुवातीची वर्षे कशी जातात?

बहुतेकांची सुरुवात निर्माता म्हणून होत नाही. सहायक म्हणून दृश्ये शोधणे, पडद्यावरील नावांच्या पट्ट्या तपासणे आणि बातमीदाराने पाठवलेला मजकूर निवेदकाला वाचता येईल असा लिहून देणे, ही कामे आधी वाट्याला येतात. पहिले स्वतंत्र बातमीपत्र बहुधा पहाटेचे किंवा सुटीच्या दिवसाचे मिळते, कारण त्या वेळी अनुभवी माणसे कमी असतात.

खरे शिक्षण रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम आणि प्रत्येकीला दिलेला वेळ यांची यादी, बांधताना होते. 30 मिनिटांच्या बातमीपत्रातून जाहिराती, हवामान आणि खेळ वजा केल्यावर बातम्यांना उरणारा वेळ नवख्याला धक्का देण्याइतका कमी असतो; त्यात कोणती बातमी आधी, कोणती 20 सेकंदांत आणि कोणती सविस्तर, हे त्यालाच ठरवावे लागते. बातमीपत्र ठरलेल्या सेकंदाला संपावे म्हणून शेवटापासून उलटा हिशोब मांडतात आणि प्रक्षेपण चालू असताना मोठी घटना घडली, तर निर्माता नियंत्रण कक्षातून निवेदकाच्या कानातील यंत्रावर थोडक्या शब्दांत सूचना देत तो हिशोब नव्याने जुळवतो. हे कौशल्य सरावानेच येते.

माझ्या मते, वेगापेक्षा पडताळणीची सवय आधी लावून घ्यावी. मृताचे नाव किंवा आरोपीविषयीचा एक शब्द चुकला, तर त्याची झळ खऱ्या कुटुंबाला बसते आणि नंतरच्या दुरुस्तीने ती पूर्णपणे भरून निघत नाही.