बर्लिनमधली बरोबरी

अनेक आशीर्वाद.

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणून तू खट्टू आहेस, हे कळलं. पण समोर बर्लिन बचाव होता, काळ्याची फोडायला अवघड अशी सुरुवात. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकनं हाच बचाव काढला. पंधरा डावांत कास्पारोव्हला एकही जिंकता आला नाही आणि १९८५पासूनचं जगज्जेतेपद गेलं.

एका गोष्टीचा मला फार आनंद झाला. सहाव्या चालीला डी-पट्टीतल्या प्याद्यानं ई५ घरातलं प्यादं मारलं असतंस, तर चौदाव्या चालीच्या आसपास वजीर त्याच घरांत फिरत राहून डाव बरोबरीत संपवता आला असता. अर्धा गुण पुरेसा असला की ग्रँडमास्टरही अनेकदा तेच करतात. तू उंटानं सी६वरचा घोडा मारलास, म्हणजे जिंकायला खेळायचं ठरवलंस.

पुढचं ओपनिंग बिनचूक आहे. आठव्या चालीला वजीर गेले, काळ्याचा राजा डी८वर आला, त्याचं कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारी चाल, गेलं. आता प्यादी बघ. राजाच्या बाजूला तुझी चार, त्याची तीन. दुसऱ्या बाजूला त्याची चार, तुझी तीन, पण त्याची दोन सी-पट्टीत एकामागे एक अडकलेली. फक्त राजे आणि प्यादी उरली, तर साधारणपणे पांढरा जिंकतो. म्हणून मोहरी मारामारीत काढायला तू उत्सुक होतास, ते बरोबरच.

पण कुठली काढायची? घोडा देऊन तू त्याचा काळ्या घरांतला उंट घेतलास. दोन उंटांची जोडी मोडली, असं तुला वाटलं असणार. आता तुझा उंट काळ्या घरांचा, त्याचा पांढऱ्या. त्यानं एच५ खेळून तुझं जी४ रोखलं, राजा ई६वर आणला. ही सगळी पांढरी घरं, तिथे तुझा उंट कधीच पोचणार नाही. तुझं जादा प्यादं तिथेच थिजलं. बरोबरीचा प्रस्ताव नंतर आला, डाव या मारामारीतच बरोबरीत गेला होता.

चाली सुचवणारं संगणकावरचं इंजिन आठवडाभर बंद ठेव. घोडा देऊन उंट घेतलास त्या चालीआधीची स्थिती पटावर मांड, घोडा राखून जी४ आणि एफ४ कसं साधता येईल ते शोध. काळ्याचं एच५ धरूनच चाली लिही आणि त्या चालीला घड्याळात किती वेळ शिल्लक होता तेही कळव.