पावसाळ्यात वाहून जाणारा खडीचा रस्ता : आणखी खडी टाकावी की काँक्रीट करावे?

आपला प्रश्न असा आहे की, कोकणातल्या आपल्या घरापर्यंत चढत जाणारा सुमारे ४० मीटर लांबीचा खडीचा रस्ता दर पावसाळ्यात धुपून जातो, दोनदा नवी खडी टाकूनही उपयोग झाला नाही, तेव्हा तिसऱ्यांदा खडी टाकावी की काँक्रीट करून मोकळे व्हावे. माझे घर लांजा तालुक्यात आहे, रस्ताही जवळपास तेवढाच आहे आणि हीच चूक मीही केलेली आहे, म्हणून सांगतो की तूर्त यांपैकी काहीच करू नये. आधी रस्त्यावर पाणी कुठून येते ते शोधावे.

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात तांबड्या मातीवर थेट चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी पसरली आणि निर्धास्त झालो. गणपतीला गावी पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध वीतभर खोल घळ पडलेली होती आणि निम्मी खडी खालच्या शेजाऱ्यांच्या भाताच्या खाचरात जाऊन बसली होती. शेजारी भला माणूस. "यंदा भाताबरोबर खडीचंही पीक आलंय," एवढेच ते म्हणाले.

या घळीचे गणित साधे आहे. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी झाले. आपला रस्ता ३ मीटर रुंद धरला तर त्याचे क्षेत्र १२० चौरस मीटर होते आणि दिवसभरात १०० मिमी पाऊस झाला (जुलैमध्ये आपल्याकडे याचे कुणाला नवल वाटत नाही) तर रस्त्यावर १२,००० लिटर पाणी पडते. परंतु रस्त्याच्या वरच्या अंगाला १० गुंठे उताराची जमीन असेल, तर त्याच पावसात तिच्यावर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते, आणि तोवर जमीन तुडुंब भिजलेली असल्यामुळे त्यातले बरेचसे न मुरता खाली धावते व वाटेत मोकळा, झाडोरा नसलेला रस्ता भेटला की त्याचाच ओहोळ करते. म्हणजे खडी वाहून नेणारे पाणी बहुतांशी रस्त्यावर पडलेले नसतेच.

दुसऱ्या वर्षी जूनमधल्या एका मुसळधार पावसात मी छत्री घेऊन अर्धा तास रस्त्यावर उभा राहिलो आणि जिथे जिथे पाणी आत शिरत होते तिथे बांबूची एकेक काठी रोवली. पाच काठ्या लागल्या. तीन वरच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) तळाशी, एक घराच्या पन्हळीचे पाणी पडत होते तिथे, आणि पाचवी टाकीच्या ओसंडणाऱ्या पाण्यापाशी, ज्याला पावसाचीही गरज नव्हती. शेवटच्या दोन जागा पाइप वळवून एका दिवसात मिटल्या. गडग्याच्या बाजूने मात्र रस्त्याला समांतर चर खणावा लागला : वर अर्धा मीटर रुंद, ३० ते ४० सेंमी खोल, आणि तळाला दर मीटरमागे १ ते २ सेंमी उतार. त्याहून तीव्र उतार असेल तिथे चरच धुपू लागतो, म्हणून त्या भागात तळाला डबर बसवावे.

चराचे पाणी शेवटी कुठे सोडायचे हे खणण्यापूर्वीच ठरवावे. वरच्या जमिनीवरचे पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत उतरू देण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केलेला आहे. पण पसरून येणारे पाणी चरात गोळा करून एका धारेने शेजाऱ्याच्या बांधावर सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. मी ते जुन्या पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) नेले. सार्वजनिक रस्त्याला आपला रस्ता मिळतो तिथे कडेचे गटार बुजवू नये. ग्रामपंचायतीची किंवा तो रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी घेऊन मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) घालावी आणि तिच्यातला ह्यूम पाइप (काँक्रीटचा नळ) ३०० मिमीहून लहान घेऊ नये, कारण त्याहून लहान पाइप फणसाच्या पानांनी पाहता पाहता तुंबतो.

रस्त्यावरच पडणाऱ्या पाण्यासाठी रस्ता मध्यभागी उंच ठेवावा. ३ मीटर रुंदीला कडेपेक्षा मध्य साधारण ६ सेंमी उंच पुरतो. तेवढ्यानेही चाकोऱ्यांतून पाणी लांबवर धावतेच, म्हणून मी दर दहा-बारा मीटरवर रस्ता तिरका कापणारे दगडी फरसबंदीचे उथळ पाट घातले, सुमारे ७५ सेंमी रुंद आणि ८ सेंमी खोल, म्हणजे गाडीला धक्का बसत नाही. गवंड्याने पहिला पाट रस्त्याला अगदी काटकोनात घातला होता आणि दोन पावसांत तो खडीने भरून गेला. पुढचे ४५ अंशांत घेतले. परीक्षेसाठी मी पाटात आंब्याचे सुके पान ठेवून वरून कळशीभर पाणी ओततो. पान कडेपर्यंत गेले तर उतार बरोबर, मध्येच अडकले तर दगड उचलून पुन्हा बसवायचे.

हे सगळे झाल्यावर खडी. "खडीतून पाणी मुरेल" हा समज सोडून द्यावा. नीट दाबलेल्या खडीवरून पाणी बव्हंशी कडेलाच जाते आणि तेच हवे असते. नदीतले गोल गोटे चाकाखाली घरंगळतात. क्रशरची कोनदार खडी एकमेकींत अडकून बसते, मात्र तिच्यात थोडी भुकटी हवी. खाली ४० मिमीची १० सेंमी आणि वर २० मिमीपासून भुकटीपर्यंतची मिश्र ५ सेंमी, दोन्ही थर ओलसर करून रोलरने दाबावेत. आपल्या रस्त्याला सैल मापाने, म्हणजे दाबण्यापूर्वी, सुमारे ८ ब्रास लागेल. मातीत खडी रुतू नये म्हणून माती आणि खडी यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे मजबूत कृत्रिम कापड) घालावे. कुणी स्वस्तात प्लॅस्टिकचा कागद सुचवील, पण त्याच्यावरून खडी घसरते.

काँक्रीटविषयी : दहा मीटरला एक मीटरहून जास्त चढ असेल तेवढ्याच तुकड्याला करावे आणि त्यात आडव्या खाचा ठेवाव्यात. संपूर्ण रस्ता काँक्रीटचा केला तरी गडग्याखालचे पाणी थांबत नाही, ते कडेची माती उकरत स्लॅबच्या पोटाखाली शिरते. माझा वरचा आठ मीटरचा टप्पा काँक्रीटचा आहे, बाकी खडीच आहे. दर वर्षी मेअखेरीस एक गडी लावून चर आणि पाट साफ करून घेतो, गणपतीत कडेला गेलेली खडी दंताळ्याने मध्यावर ओढतो. गेल्या चार पावसाळ्यांत नवी खडी आणावी लागली ती अर्धा ब्रास.