कापडाच्या ट्रेड शोमध्ये पुढे चालणारा ट्रेंड ओळखायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की फॅशन डिझाईनचा कोर्स संपत आलाय, पहिल्यांदाच मोठ्या टेक्स्टाईल फेअरला जाताय, आणि हजारो सॅम्पलमधलं पुढे खरंच चालणारं काय आणि नुसतं स्टॉल सजवायला ठेवलेलं काय हे कसं कळतं, शिवाय सध्या नवीन काय दिसतंय. मी गेली बरीच वर्षं फॅब्रिक सोर्सिंगमध्ये आहे, म्हणजे कापड शोधणं, मिलशी बोलणं, सॅम्पल मागवणं हेच दिवसभराचं काम, त्यामुळे जे स्वतः बघितलंय त्यावरून सांगते. थोडं मोठं होईल, पण वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मधोमध जो ट्रेंड फोरम असतो ना, सुंदर लायटिंग, लटकवलेले कापडाचे तुकडे, भिंतीवर रंगांची नावं, तिथे नवीन माणूस दोन दोन तास काढतो आणि मग हॉलमध्ये फिरायला पायात ताकदच उरत नाही. फोरम बघाच, पण आधी तो कसा तयार होतो ते समजून घ्या. रंगांचं ठरवणं सीझनच्या साधारण दोन वर्षं आधी सुरू होतं, इंटरकलर नावाचा गट आहे, १९६३ पासून वेगवेगळ्या देशांचे लोक वर्षातून दोनदा एकत्र बसून त्यावर चर्चा करतात. त्यानंतर सूतवाले त्या रंगात सूत काढतात, ते फ्लॉरेन्सच्या पित्ती फिलातीसारख्या सुताच्या प्रदर्शनात दिसतं, मग त्या सुतापासून मिलवाले कापड विणतात आणि ते पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनला येतं. तिथे फेब्रुवारीत जे दिसतं ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी असतं. आणि फोरममध्ये लटकलेले तुकडे असतात ते त्याच हॉलमधल्या मिलवाल्यांनी पाठवलेल्या सॅम्पलमधून निवडलेले. म्हणजे ते भविष्य नाही, सगळ्यांनी मिळून आधीच ठरवलेली एक दिशा आहे, आणि सगळे तिकडेच वळले की ती बऱ्यापैकी खरी होते.

पण ते झालं रंगांचं आणि एकूण मूडचं. कापडाचं तसं नाही, कापडाला सूत लागतं, मशीन लागतं, रंगाई लागते, आणि या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय कितीही सुंदर सॅम्पल असलं तरी ते हँगरवरच राहतं (स्टॉलवर टांगलेल्या कापडाच्या नमुन्यालाच हँगर म्हणतात). म्हणून मी स्टॉलवर गेले की पहिला प्रश्न एकच विचारते: हे कापड तुमच्या कलेक्शनमध्ये कितव्या सीझनला आहे? आणि लगेच दुसरा: याची रिपीट ऑर्डर आली का? या दोन प्रश्नांनी जेवढं कळतं तेवढं कुठल्याच ट्रेंड रिपोर्टने कळत नाही. पहिल्याच सीझनचं असेल तर तो मिलचा प्रयोग आहे, आवडला तर नक्की घ्या पण प्रयोग म्हणून घ्या. तिसऱ्या सीझनलाही तेच कापड थोडं सुधारून, दोन नव्या वजनात आणि जास्त रंगांत आलं असेल तर समजायचं की कोणीतरी ते सातत्याने विकत घेतंय. स्टॉलवरचा माणूस हे लपवत नाही, उलट खूश होऊन सांगतो, कारण बहुतेक लोक फक्त फोटो काढून निघून जातात. (फोटोवरून आठवलं, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, खूप मिलवाले हरकत घेतात आणि ते बरोबरच आहे, एका विणीमागे त्यांची कित्येक महिन्यांची मेहनत असते.)

आता सध्या काय दिसतंय. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट लांबून दिसतच नाही, हातात घेतल्यावर कळते, ती म्हणजे कापडातून इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा, काढून टाकणं. इतकी वर्षं ट्राउझरपासून शर्टापर्यंत सगळ्यात दोन-पाच टक्के इलास्टेन घालायची सवय लागली होती, त्याने कापड ताणलं जातं, अंगाला सुटसुटीत वाटतं. पण तेवढ्याशा टक्क्यांमुळे कपडा रिसायकल करताना त्रास होतो, कारण धागे वेगळे करणं अवघड. म्हणून आता मिलवाले तोच ताण दुसऱ्या मार्गाने आणतायत, एक तर सुताला खूप जास्त पीळ देऊन, म्हणजे धागा स्प्रिंगसारखा वागतो, नाहीतर दोन प्रकारचं पॉलिएस्टर एकाच तंतूत शेजारी शेजारी काढून, ते दोन्ही कमी-जास्त आकसतात आणि तंतूला आपोआप कुरळेपणा येतो.

मागे एका स्टॉलवर मी अशा जास्त पिळाच्या लोकरीचा हँगर हातात घेतला. दिसायला साधा राखाडी, कोणी थांबलंही नसतं. आडव्या बाजूने ओढला तर चक्क ताणला गेला आणि सोडल्यावर जागेवर आला. मग मी तो मुठीत गच्च चुरगळून मनात तीस आकडे मोजले, उघडला तर दोन-तीन पुसट सुरकुत्या, त्याही बघता बघता गेल्या. हँगरवरचं लेबल पाहिलं, शंभर टक्के लोकर, इलास्टेनचं नाव नाही. हा कितवा सीझन विचारलं तर चौथा, आणि दर वेळी वजन थोडं कमी करत आणलेलं. अशी गोष्ट हाताला लागली की मला खरंच आनंद होतो, कारण यात सूत, वीण, धुलाई सगळ्यांनी डोकं लावलेलं असतं आणि घालणाऱ्याला त्याचा त्रास काहीच नाही.

याच्याच जोडीने पोत वाढलाय. चुणीदार कापड, सीअरसकर, उठावदार जॅकार्ड, क्रेप, मुद्दाम अनियमित ठेवलेलं सूत. माझ्या मते कारण हेच, एकाच जातीच्या धाग्यात कापड बनवायचं ठरवलं की मिश्रणाने जी गंमत आणता यायची ती आता विणीतून आणि फिनिशिंगमधून आणावी लागते. रंग शांत आणि पृष्ठभाग बोलका, असं काहीसं चाललंय. तागाच्या जातीचे धागे म्हणजे लिनन, हेम्प हेही वाढलेत, त्यावर फार बोलत नाही कारण ते तुम्हाला प्रत्येक हॉलमध्ये दिसेलच.

दुसरी मोठी गोष्ट पाणी न शोषणाऱ्या फिनिशची. जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात ना, त्यासाठी इतकी वर्षं फ्लोरिनवाली रसायनं वापरायचे, पीफास म्हणतात त्या गटातली. ती निसर्गात मोडतच नाहीत, पाण्यात आणि मातीत साठत जातात. आता कायदे आले, कॅलिफोर्नियात कपड्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून बंदी, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून, त्यामुळे आऊटडोअरच्या हॉलमध्ये जवळपास प्रत्येक स्टॉलवर सी-झिरो किंवा पीफास-फ्री, म्हणजे फ्लोरिनवाली रसायनं नसलेलं, अशी पाटी. स्टॉलवर एक ड्रॉपर ठेवलेला असतो, तुमच्यासमोर थेंब टाकतात, थेंब घरंगळतो, सगळे वा म्हणतात. तुम्ही तिथे थांबून विचारा की तेलाचं काय? कारण फ्लोरिन काढल्यावर पाणी अडतं पण तेल अडत नाही, आणि तेलकट हात लागला की डाग बसतो. आणि विचारा किती धुण्यांनंतरचा रिझल्ट आहे, स्प्रे टेस्टचा, म्हणजे कापडावर पाणी फवारून घेतलेल्या चाचणीचा, रिपोर्ट दाखवा. चांगली मिल सरळ सांगते की इतक्या धुण्यांनंतर रेटिंग इतकं उतरतं, मग सौम्य इस्त्री फिरवली की परत थोडं चढतं. ज्यांच्याकडे फक्त ड्रॉपर आहे आणि रिपोर्ट नाही तिथे वेळ घालवू नका.

रिसायकलबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पाटीवर रिसायकल्ड पॉलिएस्टर लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं जुन्या कपड्यांपासून बनलं. तसं नाही, रिसायकल्ड पॉलिएस्टर जवळजवळ सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनतं. म्हणजे बाटलीचा कपडा झाला, पण कपड्याचा कपडा झाला नाही, आणि बाटलीची परत बाटली होऊ शकली असती. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न लहान नाही. स्टॉलवर विचारायचं, कच्चा माल काय, बाटली की कापड? कापड म्हणाले तर पुढे विचारा, कारखान्यातली कात्रणं की लोकांनी वापरलेले कपडे? कात्रणं सोपी, कारण ती स्वच्छ आणि एकाच जातीची असतात. वापरलेल्या कपड्यात बटणं, चेन, शिलाईचा वेगळा धागा, प्रिंट सगळं आलं, खरी मेहनत तिथे आहे.

आणि हे धंद्याच्या दृष्टीने किती कठीण आहे त्याचं उदाहरण म्हणजे स्वीडनची रिन्यूसेल. जुन्या सुती कपड्यांपासून लगदा काढून त्यापासून व्हिस्कोससारखे (व्हिस्कोस एरवी लाकडाच्या लगद्यापासून बनतं) तंतू बनवायचे, सगळ्या प्रदर्शनांत त्यांचंच नाव होतं, २०२२ मध्ये मोठा कारखाना सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र चांगलं होतं, पण ऑर्डर पुरेशा आल्या नाहीत. नंतर नवा मालक आला आणि सर्क्युलोज या नावाने काम पुढे न्यायचं ठरलं. तसंच बुरशीपासून बनवलेल्या चामड्याचं, मायलो नावाचं मटेरियल मोठ्या मोठ्या ब्रँडनी उचलून धरलं होतं आणि २०२३ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं गेलं. मला या दोन्ही बातम्यांनी फार वाईट वाटलं होतं. स्टॉलवर कौतुक करणारे हजार असतात, ऑर्डर देणारे किती, ट्रेंडचं मोजमाप तिथेच होतं. पर्यायी चामडं बघाल तेव्हा तुकडा उलटा करून मागची बाजू बघा, आतलं कापड कशाचं, वरचा थर कशाचा हे विचारा. अननसाच्या पानांचं असो की आणखी कशाचं, वरून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, थर असेल तर ते मोकळेपणाने सांगणारा विक्रेता विश्वासाचा.

वेळ मिळाला तर मशीनच्या प्रदर्शनालाही एकदा जा. डिझाईनवाले तिकडे फिरकत नाहीत आणि मला ते नेहमी खटकतं. इटमा नावाचं प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं, १९५१ पासून चालू आहे, २०२३ मध्ये मिलानला झालं. जपानच्या शिमा सेकीने अख्खा स्वेटर एकही शिलाई न घालता थेट मशीनवर विणून दाखवला तो १९९५ च्या इटमामध्ये, तेव्हा ते नवल होतं, आणि दुकानात असे कपडे सहज दिसायला किती वर्षं गेली बघा. म्हणजे आज मशीनच्या हॉलमध्ये जे चालतंय ते तुमच्या करिअरच्या मधल्या वर्षांतलं कापड आहे. विणताना बघितलं की काय शक्य आहे काय नाही हे डोक्यात पक्कं बसतं, नंतर मिलकडे अशक्य मागणी घेऊन जात नाही आपण.

डिजिटलचं थोडक्यात. आता बऱ्याच हँगरवर क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की कापडाची थ्रीडी फाईल मिळते, ती सॉफ्टवेअरमध्ये टाकून कपडा पडद्यावर शिवून बघता येतो, कापड कसं पडतं तेही दिसतं. सॅम्पल कमी शिवावी लागतात हा मोठा फायदा. पण हाताला काय लागतं ते फाईल सांगत नाही, म्हणून हँगर मागवाच. युरोपचा इकोडिझाईनचा नवा नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाला, त्यात वस्तूच्या डिजिटल पासपोर्टची तरतूद आहे, कपडे त्यात पहिल्या काही गटांत आहेत, त्यामुळे कोणता धागा, कुठे रंगवला अशी माहिती हळूहळू सगळ्यांनाच ठेवावी लागणार. ज्या मिल आत्ताच ती माहिती व्यवस्थित ठेवतायत त्यांची नावं वेगळी लिहून घ्या.

एक अनुभव सांगते म्हणजे तुमच्या बाबतीत तसं होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका स्टॉलवर मला एक सुंदर मऊ व्हिस्कोस-लिनन आवडलं, हात तर असा की सोडवेना. हँगर घेतला, ऑर्डर दिली, माल आला तो कडक, आणि पहिल्याच धुण्यात आकसलेला. नंतर कळलं की प्रदर्शनातल्या तुकड्याला जास्तीची सॉफ्टनरची फिनिश दिली होती आणि बल्कमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या मोठ्या मालात, ती नव्हती. तेव्हापासून हँगरवरून मी कधीच निर्णय घेत नाही, आधी पाच-दहा मीटर सॅम्पल यार्डेज मागवते, ते धुते, मोजते, पांढऱ्या रुमालाने कोरडं आणि ओलं घासून रंग सुटतो का बघते, गोळे धरतात का बघते, आणि मगच पुढे बोलते. मिनिमम ऑर्डर किती मीटरची आणि माल किती आठवड्यांत, हे दोन्ही स्टॉलवरच विचारून हँगरच्या मागे लिहून ठेवा, कारण संध्याकाळी ऐंशी हँगर समोर पडल्यावर कुठला कोणाचा हे अजिबात आठवत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी ज्या मिल तुम्हाला नक्की बघायच्यात तिथेच जा, स्टॉलवरची माणसं ताजी असतात आणि नीट बोलतात. दुपारी हॉलच्या कडेच्या छोट्या स्टॉलवर फिरा, जास्त पिळाची ती लोकर मला अशाच एका कडेच्या स्टॉलवर मिळाली होती. फोरम शेवटच्या दिवशी बघा, तोपर्यंत तुम्ही स्वतः काय पाहिलंय ते डोक्यात असेल आणि फोरममध्ये काय आहे, काय नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. काही अडलं तर इथेच खाली विचारा, कुठल्या प्रदर्शनाला जाताय ते लिहिलंत तर कुठल्या हॉलपासून सुरुवात करायची तेही सांगते.